तापाच्या दिवशीचे सहा मैल

सन १९७४, माघ महिना. लोणंदजवळच्या एका वस्तीवर ज्ञानू नावाचा तरुण धावपटू दिवसभर तापाने अंथरुणावर पडून होता. त्या दिवशी मी सहा मैल मोजले.

मित्रांनो, मी एक जुना पेडोमीटर आहे. माणूस किती अंतर चालला किंवा धावला हे सांगणारे यंत्र म्हणजे पेडोमीटर. खिशातल्या घड्याळाएवढा माझा आकार. पाठीवर कमरपट्ट्यात अडकवायचा आकडा, पुढे काचेखाली पांढरी तबकडी आणि तिच्यावर निळा काटा. घड्याळाशी माझे साम्य इथेच संपते. घड्याळ धन्याने दिवसभर काही केले नाही तरी पुढे जाते. मी तसा फुकटचा कधीच पुढे गेलो नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

माझ्या पोटात नाजूक स्प्रिंगवर तोललेले एक छोटे वजन आहे. पाऊल पडले की वजन खाली झुकते, स्प्रिंग त्याला पुन्हा वर खेचते, आणि तेवढ्यात दातेरी चाकाचा एक दात पुढे सरकतो. त्या चाकाने दुसरे चाक फिरते, दुसऱ्याने तिसरे, आणि शेवटी काटा तबकडीवर मैल दाखवतो. डोक्यावरची कळ दाबली की काटा शून्यावर येतो. याहून अधिक मला काही येत नाही. काच आहे ती लोकांनी मला पाहावे म्हणून. मला स्वतःला काही दिसत नाही. पातळ झाकणावर आदळणारा आवाज तेवढा कळतो, तोही मी उघड्यावर असेन तर. म्हणून या हकिकतीत मी जे मोजले आणि जे ऐकले, तेवढेच सांगणार आहे.

माझा जन्म विलायतेतला. माझ्या धन्याचे नाव मात्र हंबीरराव, आणि ते मूळचे लोणंदचे. फौजेत नकाशे तयार करणाऱ्या तुकडीत ते सुभेदार होते. डोंगराळ मुलखात जिथे साखळी टाकून जमीन मोजता येत नाही, तिथे मी त्यांच्या कमरेला असे. बर्फात, चिखलात, खेचरांच्या वाटांवर मी त्यांची पावले मोजली. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने मला त्यांच्या हातात ठेवले आणि म्हटले, "सुभेदार, ह्याला पेन्शन नाही. ह्याला कामावर ठेवा." सुभेदारांनी तो हुकूम अक्षरशः पाळला.

निवृत्तीनंतर काही वर्षे ते सांगलीला हळदीच्या एका वखारीवर देखरेखीला होते. सकाळी कृष्णेच्या काठी ते पोरांना पळायला शिकवत. तिथे माझ्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला. चालणाऱ्या माणसाचे पाऊल आणि पळणाऱ्याचे पाऊल सारखे नसते. म्हणून माझ्या मागे एक बारीक मळसूत्र आहे. ते फिरवून धन्याच्या टापेप्रमाणे, म्हणजे ढांगेच्या लांबीप्रमाणे, मला जुळवून घ्यावे लागते. सुभेदार प्रत्येक नव्या पोराला रस्त्यावरच्या एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत पळवत, काटा पाहत, मळसूत्र किंचित फिरवत, आणि पुन्हा पळवत. काटा बरोबर एकावर येईपर्यंत त्या पोराची सुटका नसे.

या पोरांत जतकडचा बिराप्पा होता. मेंढरांमागे वाढलेला, आणि वखारीत पोती उचलायला आलेला. सुभेदारांनी त्याला कॅनव्हासचे पांढरे बूट दिले, अर्धी चड्डी दिली आणि कमरेला मला अडकवले. माझी टिकटिक ऐकून तो जागच्या जागी थांबला.

"सुभेदार, ह्यो किडा खातो काय?"

"पावलं खातो. पळ."

"लय खातो मग. मागं काय ठिवतो का न्हाई?"

पहिले काही दिवस बिराप्पा मला इजा होऊ नये म्हणून मांजरासारखा अलगद पळत असे. माझे वजन पुरते झुकतच नसे, आणि तो घामाघूम होऊन आला तरी काटा आळसात असे. सुभेदारांनी कारण ताडले. "मशीनला जपू नको रं, मशीन तुला जपतंय," असे त्यांनी सांगितल्यावर तो मोकळा पळू लागला. त्या वर्षीच्या शर्यतीत त्याने सांगलीची पोरे मागे टाकली. बक्षीस घेताना त्याने मला कमरेवरून काढून वर धरले आणि म्हणाला, "किड्याला पण टाळ्या वाजवा की!" टाळ्या वाजल्या. फौजेत माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती.

बिराप्पा पुढे पोलिसात गेला. मग मी वखारीच्या फळीवर पडून राहिलो. हळदीची भुकटी किती बारीक असते हे मला तिथे समजले. ती झाकणाच्या फटीतून आत शिरली, चाकांच्या दातांत बसली, आणि एके दिवशी सुभेदारांनी मला कमरेला लावले तेव्हा मी दोन पावलांतले एकच मोजू लागलो. सांगलीच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीने मला उघडले, पाहिले, आणि म्हणाला, "सुभेदार, ह्याची भाजी करायची का?" त्याने प्रत्येक चाक धुऊन, पुसून, जागच्या जागी बसवले. त्यानंतर सुभेदारांनी मला मऊ कातड्याची पिशवी शिवली. पुढे नोकरी सोडून ते लोणंदला परतले, आणि मीही.

लोणंदच्या मैदानावर त्यांनी पुन्हा पोरे जमवली. त्या वर्षी सांगलीला नदीकाठी आणि उसाच्या रानांतून पळायची मोठी शर्यत व्हायची होती. लोणंदच्या मंडळाला तिच्यात एकच जागा मिळाली, आणि तिच्यासाठी पोरे दोन होती. एक नाथाजींचा ज्ञानू, दुसरा गुंडा. दोघांचा वेग सुभेदारांच्या थांबघड्याळावर इतका सारखा पडे की निवड करणे कठीण झाले. तेव्हा त्यांनी निराळा मार्ग काढला. लांब पल्ल्याची शर्यत एका दिवसाच्या वेगावर जिंकता येत नाही, रोजच्या सरावावर जिंकता येते, असे त्यांचे मत होते. पण पोरे आपापल्या वस्तीवर पहाटे सराव करत; तिथे पाहायला कोण जाणार? तर मी. एक आठवडा मी गुंडाकडे आणि एक आठवडा ज्ञानूकडे राहायचे, आणि ज्याचा सराव अधिक, त्याने सांगलीला जायचे, असे ठरले.

ज्ञानूसाठी ही जागा म्हणजे केवळ शर्यत नव्हती. त्याचे दोन चुलतभाऊ फौजेत होते. सांगलीची शर्यत पाहायला फौजेचे भरती करणारे लोक येणार होते, आणि चांगला पळणारा गडी त्यांच्या नजरेत भरला तर पुढचे दार उघडत असे. ज्ञानू वर्षभर तेवढ्यासाठी पळत होता. चुलतभावाने फौजेच्या कँटीनमधून पाठवलेले बूट तो सरावाला वापरत नसे. ते सांगलीसाठी ठेवले होते. सरावाचे बूट टाचेला फाटले होते आणि त्यांत त्याने पोत्याचा तुकडा घातला होता.

गुंडाचा आठवडा संपला. आकडे उत्तम होते. मग मी ज्ञानूच्या घरी आलो. त्याच्या चड्डीच्या नाडीत मी ठरत नव्हतो, म्हणून त्याने जुन्या पट्ट्याचा तुकडा कमरेला आवळला. पहिल्या दिवशी माझ्या पाठीवरच्या आकड्याने त्याची कातडी सोलली. दुसऱ्या दिवशी त्याने आकड्याखाली फडक्याची घडी घातली. त्याचा नेम ठरलेला होता. पहाटे निघताना कळ दाबायची, काटा शून्यावर आणायचा. फलटणच्या रस्त्याने पळून यायचे. आल्याबरोबर आकडा पाहायचा, पाठ करायचा, आणि मला खुंटीला अडकवायचे. संध्याकाळी तो मैदानावर व्यायामाला जाई तेव्हा मी खुंटीवरच राही, आणि तो आकडा तोंडीच सुभेदारांना सांगे. सुभेदारांचा पोरांच्या शब्दावर विश्वास होता. चार दिवस ज्ञानूचे आकडे गुंडाच्या आकड्यांच्या थोडे पुढे होते.

पाचवा दिवस गुरुवार. पहाटे ज्ञानूने कळ दाबली, मला कमरेला लावले आणि तो उंबऱ्यापर्यंत गेला. तिथे तो खाली बसला. त्याच्या वडिलांचा आवाज मी ऐकला.

"आरं, अंग हाय का तवा? आत हो. आज पळणं न्हाई."

"आबा, एवढाच आठवडा हाय."

"आठवडा र्‍हाईल, तू न्हाई र्‍हायाचास. आत हो म्हंतो ना."

नाथाजींनी मला त्याच्या कमरेवरून काढून खुंटीला अडकवले. माझा काटा शून्यावर होता. या गोष्टीची साक्ष मी छातीठोकपणे देतो. संध्याकाळी ताप उतरला, ज्ञानू उठून बसला, आणि त्याची नजर माझ्यावर गेली. काटा सहावर होता.

घरात बोलणे झाले. नाथाजींनी आत ओरडून विचारले, "मशीनला कुणी हात लावला का गं?" आतून ज्ञानूच्या आईने, अंबूबाईंनी, उत्तर दिले, "तुमच्या मशीनला हात लावाय मला येळ हाय व्हय?" ज्ञानूची थोरली बहीण शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बारसे होऊन काहीच दिवस झाले होते, आणि अंबूबाईंना खरोखरच वेळ नव्हता. प्रश्न तिथेच थांबला.

ज्ञानूला गप्प बसता आले असते. कळ दाबली असती तर सहा मैल पुसले गेले असते आणि कोणालाही काही कळले नसते. काटा तसाच राहावा म्हणून शुक्रवारी दिवसभर त्याने मला उशाशी ठेवले, आणि संध्याकाळी तो मला घेऊन मैदानावर गेला.

"सुभेदार, काल मी पळालो न्हाई. ताप हुता."

"बरं. मग कालचा आकडा शून्य."

"न्हाई. सहा."

"कसला सहा?"

"काटा सहावर हाय. पहाटं कळ दाबली तवा शून्य हुता. मग दिवसभर मी वाकळंतनं उठलो न्हाई."

गुंडा जवळच उभा होता. तो हसला. "आमी जागंपणी पळतोय आन् हे बेनं झोपंत पळतंय. आता बूट वाकळंलाच घाल गड्या."

सुभेदार हसले नाहीत. त्यांनी मला हातात घेतले. "हे मशीन खोटं बोलत न्हाई. बर्फात न्हाई बोललं, ते लोणंदात बोलंल? ज्ञानू, खरा रिपोर्ट दे. तापात चोरून पळालास?"

"न्हाई."

"हातानं हलवलंस?"

"हलवलं असतं तर सांगाय कशाला आलो असतो?"

"तीच तर हुशारी," गुंडा म्हणाला. "एक दिस सावपणा दावायचा, आन् बाकीचे चार दिस पचवायचे."

हे बोलणे कडवट होते, पण तर्काला सोडून नव्हते, आणि म्हणूनच ते ज्ञानूला लागले. एका दिवसाचा आकडा आपोआप येत असेल तर उरलेल्या चार दिवसांच्या आकड्यांची खात्री काय? सुभेदारांनाही हेच दिसले. त्यांनी निकाल दिला. रविवारी सकाळच्या गाडीने एकच पोर सांगलीला जाणार. शनिवारी संध्याकाळपर्यंत या सहा मैलांचे कारण सापडले तर ज्ञानू. नाही सापडले तर गुंडा.

"भुताटकी असंल," जमलेल्यांतला एक जण म्हणाला.

"भुताला पाय नसत्यात," सुभेदार म्हणाले. "त्याचं हितं काम न्हाई."

त्या रात्री मी सुभेदारांच्या घरी खुंटीला टांगलेला होतो. काटा हलला नाही. शनिवारी पहाटे त्यांनी मला कमरेला लावून मैलाच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत धाव घेतली. मळसूत्र ज्ञानूच्या टापेला जुळलेले होते, तेव्हा त्यांनी तेवढा फरक मनात धरला. काटा जिथे यायला हवा तिथे आला. त्यांनी मला कानाला लावले, उलटे केले, पाटावर ठेवून पाटाला ठोकले. माझ्यात कोणताही दोष नव्हता.

मित्रांनो, माझा अभिमान त्या सकाळी पहिल्यांदाच मला जड झाला. मी बिघडलेला निघालो असतो तर ज्ञानू सुटला असता. मी निर्दोष ठरलो, आणि माझे निर्दोष असणे हाच त्याच्यावरचा आरोप झाला.

परंतु सुभेदार नकाशे करणाऱ्या तुकडीतले होते. दोन मोजण्यांत तफावत आली की मोजणाऱ्याला चोर ठरवण्याआधी ज्या जागी मोजले ती जागा पुन्हा पाहायची, हा त्या तुकडीचा रिवाज होता. ते मला घेऊन ज्ञानूच्या वस्तीवर गेले.

"आवं भावजी, मशीन आणलंसा व्हय?" अंबूबाईंचा आवाज आला. "लय बरं झालं बगा. काल रातभर पोर रडलं."

या दोन वाक्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही.

सुभेदारांनी स्वतःच्या हाताने कळ दाबली, काटा शून्यावर असल्याची नाथाजींकडून खात्री करून घेतली, आणि मला त्याच खुंटीला अडकवले. मग ते ओसरीवर जाऊन बसले. ज्ञानूला त्यांनी समोर बसवले. "आज तू माझ्या नजरंआड जायाचं न्हाई. लघवीला जायाचं तर सांगून जा." नाथाजी अडकित्त्याने सुपारी कातरत शेजारी बसले. ओसरीवरची कातर-कातर मला आतपर्यंत ऐकू येत होती.

मग कोणीतरी मला खुंटीवरून काढले. हात कामाचा होता, खरखरीत. माझ्याभोवती जाड कापडाचे दोन-तीन वेढे पडले, आणि वेखंडाचा कुटका माझ्या काचेला घासला. आवाज बंद झाले. थोड्या वेळाने हिसके सुरू झाले. ते पळणाऱ्या माणसाचे नव्हते. पळणारा दमतो, चढावर त्याची टाप आखडते, उतारावर लांबते. हे हिसके एकसारखे होते. मी ते मोजले. गुरुवारीही हेच घडले होते. पण मोजण्यापलीकडे मला काही विचारता येत नाही, आणि मला कोणी विचारलेही नव्हते.

पुन्हा आवाज ऐकू आला तो कापड सैल झाल्यावर. दुपार झाली असावी. पुढे जे कळले त्यावरून सांगतो: सुभेदार काटा पाहायला आत आले होते आणि खुंटी रिकामी होती. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नाही, म्हणून ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्यांना पाळण्याची करकर ऐकू येत होती, आणि पाळण्याच्या कडीला लटकलेली काळ्या फडक्याची पुरचुंडी दिसत होती. पुरचुंडी चांगलीच मोठी होती.

"वैनी, त्या पुरचुंडीत काय हाय?"

"काय न्हाई. बाळाची हाय. दिठीला बांधलीया."

"जरा दावा बगू."

"आवं, ती सोडत नसत्यात! आन् सांगत बी नसत्यात."

"आई, दे की," शालू खाटेवरून म्हणाली. "काका काय खात्यात व्हय?"

पुरचुंडी सुटली. वेखंड निघाले, बिब्बा निघाला, आणि मी निघालो. मग नाथाजी कडाडले.

"अगं, परवा इचारलं तवा हात लावला न्हाई म्हनलीस ना?"

"मशीनला कुठं हात लावला मी?" अंबूबाई तितक्याच जोराने म्हणाल्या. "मी मशीन वापरलंच न्हाई. मी लोखंड वापरलं. तान्ह्या लेकराजवळ लोखंड नगं का? अडकित्ता ठिवला हुता पाळण्यात, त्यो तुमी काढून न्हेला सुपारीला. इळा ठिवला तर शालू म्हनती, धार हाय. मग काय ठिवू? पोरगं पळून आलं की ह्ये दिवसभर रिकामंच लोंबतंय खुंटीला. सांच्याला घातलं परत जागच्या जागी. काय झिजलं का ह्याचं?"

"वैनी, ह्ये लोखंड न्हाई," सुभेदार म्हणाले. "पितळ हाय. वर मुलामा हाय."

"मिलिटरीचं हाय ना?"

"व्हय."

"मग मिलिटरीत पितळ घेऊन लढत्यात व्हय, भावजी?"

वास्तविक माझ्या अंगात लोखंड म्हणावे असे काही असेल तर ती एक स्प्रिंग आणि चार खिळे. तेवढ्याने दृष्ट टळते की नाही, याविषयी माझ्याकडे कोणतेही मोजमाप नाही. बाळ झोपत होते, एवढे खरे. पाळणा हलत होता, हेही खरे.

"आये," ज्ञानू हळूच म्हणाला, "दोन दिस माझी झोप उडाली हुती."

"मग सांगायचं न्हाईस? तोंड शिवलं हुतं? मी म्हनते, तापानं तोंड उतरलंय."

त्या संध्याकाळी मैदानावर सुभेदारांनी मला सगळ्यांसमोर धरले. माझा काटा चारच्या पुढे गेला होता, आणि ज्ञानू सकाळपासून त्यांच्या नजरेसमोरून हलला नव्हता. त्यांनी पाळण्याची हकिकत सांगितली. "मी ह्याला लबाड म्हटलं," ते म्हणाले. "ती माझी गलती. मशीन खरं बोललं आन् ज्ञानू बी खरं बोलला. दोगं खरं बोलत असतील हे माझ्या टकुऱ्यात आलं न्हाई. उद्याच्या गाडीनं ज्ञानू जाईल."

गुंडा पुढे आला. मग तो म्हणाला, "सुभेदार, इचार करा. बसल्या जागी चार मैल जात्यात. सांगलीला अंबूकाकूलाच न्या की." मैदान हसले, ज्ञानूही हसला. सकाळी गाडी सुटताना गुंडा फलाटावर आला होता, आणि ज्ञानूचे नवे बूट त्याच्याच हातात होते. रात्रभर खडू लावून त्याने ते पांढरे केले होते.

सांगलीची शर्यत ज्ञानू मला कमरेला लावून पळाला. तसे करायची गरज नव्हती. सुभेदारांनी मला काढून ठेवायला सांगितले होते. "र्‍हाऊ द्या," तो म्हणाला, "ह्यानं बी लय सोसलंय." नदीकाठच्या मऊ मातीत त्याची टाप आखडली, उसाच्या रानांमधल्या गाडीवाटेवर ती लांबली, आणि शेवटच्या टप्प्यात माझे वजन असे झुकू लागले की मला बिराप्पाची आठवण झाली. ज्ञानू तिसरा आला. सातारा जिल्ह्यातून आलेल्यांत पहिला. भरतीच्या लोकांपैकी एकाने त्याचे नाव विचारले आणि मग माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हे काय आहे?" ज्ञानूने सांगितले, "साक्षीदार हाय, साहेब."

पुढे तो फौजेत गेला. सुभेदारांनी मला त्याच्या हवाली केले. आता मी त्याच्या घरी काचेच्या कपाटात, बक्षिसाच्या एका पेल्यामागे असतो. मध्यंतरी कोणीतरी मी अडकतो म्हणून माझ्यात खोबरेल सोडले; थंडीत ते गोठते आणि माझे वजन जागच्या जागी चिकटून राहते. मुले मला कानाशी धरून जोरात हलवतात. मित्रांनो, तुमच्या घरीही असे एखादे जुने यंत्र असेल. त्यात हाताला लागेल ते तेल घालू नका, त्याला धुळीत ठेवू नका, आणि वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून ते उघडून घ्या. आणखी एक विनंती आहे. यंत्राच्या आकड्यावरून कोणाला खोटे ठरवण्यापूर्वी ते यंत्र नेमके काय मोजते, हे एकदा नीट विचारा.

मी काय मोजतो ते सांगतो, म्हणजे या प्रकरणात काही शिल्लक राहणार नाही. मी हिसके मोजतो. ज्ञानू पळून आल्यावर अंबूबाई मला रोज पाळण्याच्या कडीला बांधत आणि संध्याकाळी खुंटीला लावत. काटा रोजच पुढे जात असे. पण ज्ञानू दुसऱ्या पहाटे निघताना आकडा न पाहता कळ दाबत असे, आणि तो सगळा हिशेब कोणी न वाचताच पुसला जाई. म्हणूनच चार दिवसांचे त्याचे आकडे शुद्ध होते. गुरुवारी तो पळाला नाही आणि संध्याकाळी त्याने काटा पाहिला. म्हणून तो एक दिवस तेवढा दिसला. अंबूबाईंचे हात दिवसभर जोंधळे निवडण्यात, पीठ मळण्यात आणि भाकऱ्या थापण्यात गुंतलेले असत. त्यामुळे पाळण्याची दोरी त्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. ते सहा मैल त्या पायाचे होते.